शालेय फुटबॉल संघ तीन मुलांवरच उभा आहे. बाकीच्या मुलांना घडवावे कसे?

प्रश्न: क्रीडाशिक्षक, शहादा तालुका

नमस्कार. मी शहादा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत गेली अकरा वर्षे क्रीडाशिक्षक आहे. माझे स्वतःचे खेळणे कबड्डी आणि खो-खोचे. फुटबॉल मी नोकरीला लागल्यानंतर शिकलो. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात होणार म्हणून १५ सप्टेंबरला राज्यभरातील शाळांमधून फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. त्या दिवशी आमच्या मैदानावर फुटबॉल आला आणि तो टिकला.

गेल्या वर्षी आमचा चौदा वर्षांखालील संघ तालुक्यात पहिला आला, परंतु त्या यशाचे खरे कारण मला ठाऊक आहे. संघात तीन मुले अशी होती की, तेराव्या वर्षीच त्यांना मिसरूड फुटली होती आणि इतर संघांतील मुले त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती. गोलरक्षकाने लांब लाथ मारायची, त्या तिघांपैकी एकाने धावत जाऊन चेंडू गाठायचा आणि गोल करायचा, एवढीच आमची योजना होती. जिल्ह्याच्या पहिल्याच सामन्यात समोरच्या संघाने त्या तिघांना प्रत्येकी एक मुलगा चिकटवून ठेवला आणि आमच्या उरलेल्या आठ जणांना काय करावे हेच कळेना. परतीच्या एसटीत उजव्या बाजूने खेळणारा एक लहानखुरा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. तो तक्रारीच्या सुरात नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाला, "सर, पुरी मॅचमा बॉल मन्हाकडे तीनच येळा उना." संपूर्ण सामन्यात चेंडू त्याच्याकडे तीनच वेळा आला होता. त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही.

यंदा ती तिन्ही मुले वयोगटाबाहेर गेली. बाकीच्यांपैकी निम्म्या मुलांनी सरावाला येणे सोडले आहे. नव्या मुलांसह माझ्याकडे अडतीस मुले आहेत, पाच चेंडू आहेत, काळ्या मातीचे मैदान आहे आणि शाळा सुटल्यानंतरची पाऊण तास वेळ आहे. मुलांमध्ये काही वाईट सवयीही रुजल्या आहेत. मोठी मुले लहानांना पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवतात, कोणाची चूक झाली की सगळे हसतात, आणि सामन्यात मी स्वतः रेषेबाहेरून सतत ओरडत असतो, त्यामुळे मुले चेंडूकडे पाहण्याऐवजी माझ्याकडे पाहतात. सराव कसा बांधावा, कोणाला खेळवावे आणि हे वातावरण कसे बदलावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

सर, त्या मुलाने एसटीत सांगितलेला आकडा आपण वहीत लिहून ठेवावा आणि यंदाच्या सरावाची मोजदाद त्याच आकड्याने करावी. मी तरुणपणी रेल्वेच्या मैदानावर खेळलो आणि निवृत्तीनंतर दररोज सकाळी वसाहतीतील मुलांना शिकवतो. सुरुवातीची काही वर्षे मीही मुलांना रांगेत उभे करून एकेकाला शंकूंमधून चेंडू नेण्यास सांगत असे. वीस मुलांच्या रांगेत एका मुलाचा क्रमांक किती वेळाने येतो, हे घड्याळ लावून पाहिल्यावर मी ती पद्धत सोडली.

आपल्याकडे अडतीस मुले आणि पाच चेंडू आहेत. मैदानाचे चार लहान तुकडे करून प्रत्येकावर चार विरुद्ध चार असा खेळ लावला तर बत्तीस मुले एकाच वेळी खेळतात. उरलेल्या सहा जणांना पाचवा चेंडू द्यावा. चौघांनी चौकोनात उभे राहून आपसांत पास द्यायचे, दोघांनी मध्ये राहून तो अडवायचा आणि ज्याचा पास अडवला गेला त्याने मध्ये जायचे. स्पेनमधील बार्सिलोना क्लबच्या अकादमीत लहानांपासून मोठ्यांपर्यंत सगळे हा खेळ खेळतात आणि त्याला लागते फक्त एक चेंडू व थोडी जागा. दर आठ-दहा मिनिटांनी गट बदलावेत. लहान मैदानावर चेंडूपासून लपता येत नाही, त्यामुळे आपला तो उजव्या बाजूचा मुलगा पाऊण तासात तीनदा नव्हे, कित्येकदा चेंडूला पाय लावील आणि प्रत्येक वेळी त्याला काहीतरी ठरवावे लागेल.

याच खेळात आणखी एक बदल करून पाहावा. होर्स्ट वाइन या जर्मन प्रशिक्षकाने मुलांसाठी तीन विरुद्ध तीन असा खेळ मांडला, त्यात प्रत्येक संघाला दोन, असे एकूण चार छोटे गोल असतात. एका गोलासमोर गर्दी झाली की दुसरा मोकळा असतो, म्हणून चेंडू मिळालेल्या मुलाला मान वर करून पाहावेच लागते. "वर बघ, वर बघ" असे शंभर वेळा ओरडून जे साधत नाही, ते दोन जादा गोलांनी साधते. गोलासाठी विटा किंवा चपलाही चालतात.

चेंडूंवरील क्रमांकही एकदा पाहून घ्यावा. शाळांकडे बहुधा पाच क्रमांकाचा चेंडू असतो. तो मोठ्यांचा, ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा असतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार क्रमांकाचा चेंडू योग्य. जड चेंडूने लहान मूल पायाच्या आतल्या बाजूने पास देण्याऐवजी पंजाने ठोकायला शिकते आणि ती सवय पुढे जाता जात नाही. या वयात डोक्याने चेंडू मारण्याचा सरावही घेऊ नये. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० साली प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून तो काढून टाकण्याची सूचना दिली.

आपण कबड्डी आणि खो-खोतून आलात ही उणीव मानू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्या भागातील मुलांना आट्यापाट्या खेळवून पाहाव्यात. पाटीवर, म्हणजे आखलेल्या पट्टीवर, उभा असलेला गडी अंगावर झेप घेत नाही; तो समोरच्याच्या कमरेकडे पाहत पाटीवरून इकडेतिकडे सरकतो आणि समोरच्याने हूल देऊन वजन एका पायावर टाकले की तेव्हाच हात मारतो. बचावपटूने नेमके हेच करायचे असते. मी महिनाभर समजावून जे शिकवू शकलो नव्हतो ते दोन दिवसांच्या आट्यापाट्यांनी शिकवले आणि हूल देणारे गडीही त्यातूनच तयार झाले.

प्रशिक्षक आधी खेळाडू म्हणून गाजलेला असलाच पाहिजे असेही नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदके मिळवली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. हैदराबादेत ते केवळ कमकुवत पायाने खेळायचे सामने भरवत. आपणही आठवड्यातून एक दिवस उजव्या पायाच्या मुलांना फक्त डाव्या पायाने गोल करण्याची मुभा द्यावी. जकार्तातील १९६२ च्या स्पर्धेत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले, तेव्हा रहीमसाहेबांनी त्याला बाहेर न बसवता आघाडीला खेळवले. उपांत्य आणि अंतिम अशा दोन्ही सामन्यांत त्याने गोल केला. डोक्याला टाके असताना मुलाला खेळवणे आज कोणीही करू नये. मी हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी की बचावातला माणूस आघाडीला उभा केल्यावर गोंधळला नाही, कारण त्याला संपूर्ण खेळ समजलेला होता. चौदा वर्षांच्या मुलाला "तू बॅक" असा शिक्का मारून तीन वर्षे तिथेच उभे करू नये. दर महिन्याला जागा बदलाव्यात, गोलरक्षकाचीसुद्धा.

थोराड मुलांविषयी शेवटचे. आपल्याकडील वयोगट १ जानेवारीला कापले जातात, म्हणून जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा कागदावर एकाच वयाचे असले तरी त्यांच्यात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. त्यात कोणाचे अंग लवकर भरते, कोणाचे उशिरा. निवड करताना आपण पुष्कळदा कौशल्याऐवजी जन्ममहिना निवडत असतो. इंग्लंडमधील काही अकादम्यांनी मुलांचे गट वयाऐवजी शारीरिक वाढीनुसार पाडून सामने खेळवले. त्यामुळे थोराड मुलालाही ताकद बाजूला ठेवून डोके वापरावे लागले. चेंडू अडवून देह पुढे रेटणारी मुले सोळाव्या वर्षी इतरांनी त्यांना गाठले की अडखळतात, हे मी माझ्याच मैदानावर अनेकदा पाहिले आहे. २०१० सालच्या जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारासाठी अखेरच्या तिघांत मेस्सी, इनिएस्ता आणि झावी होते. तिघेही बार्सिलोनाच्या एकाच अकादमीतून आलेले आणि तिघेही उंचीने बेताचे.

उत्तर: एक पालक, धुळे

मी प्रशिक्षक नाही. माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि दोन वर्षांपूर्वी ती एका ठिकाणी फुटबॉल शिकायला जात असे. तेथील प्रशिक्षक चूक झाली की मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावत आणि उन्हातही सराव संपेपर्यंत पाणी पिऊ देत नसत. "सवय झाली पाहिजे," असे ते म्हणत. तिने खेळ सोडला तेव्हा कंटाळा आला असेल असे आम्हाला वाटले. खरे कारण तिने वर्षभराने सांगितले. शिक्षा मिळेल या भीतीने ती चेंडू आपल्याकडे येऊच नये असे पाहत असे आणि त्यासाठी मुद्दाम समोरच्या खेळाडूच्या आड उभी राहत असे.

धुळ्या-जळगावकडे मार्चनंतर ऊन कसे असते हे आपण सर्व जाणताच. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात उष्म्यामुळे खेळ थांबवून मोठमोठ्या व्यावसायिक खेळाडूंना पाणी पिण्यास वेळ दिला गेला. मग आपल्या मुलांना पाणी मागताना भीती का वाटावी? सर, मोठी मुले लहानांना बाटल्या आणायला पाठवतात असे आपण लिहिले आहे. ती प्रथा आधी बंद करावी, अशी माझी आईच्या नात्याने विनंती आहे.

उत्तर: आश्रमशाळेतील शिक्षक, धडगाव

ताईंनी लिहिलेले वाचून थांबलो, कारण चेंडूपासून लपणारी मुले माझ्याकडेही होती आणि त्यांचे लपण्याचे कारण मला फार उशिरा कळले. आमची बहुतेक मुले घरी पावरी किंवा भिली बोलतात. मी मराठीत सूचना देत असे, मुले माना हलवून "हो सर" म्हणत आणि मैदानात त्याच्या उलट करत. मी ते बेफिकिरीचे लक्षण समजून रागावत असे. एके दिवशी नववीतील एक मुलगा लहानांना माझीच सूचना पावरीत सांगताना मी ऐकला आणि क्षणात सारी मुले आपापल्या जागी गेली. तेव्हापासून माझ्या संघाचा कप्तान गोल करणारा मुलगा नसतो. माझे बोलणे मुलांपर्यंत आणि मुलांचे म्हणणे माझ्यापर्यंत पोहोचवणारा मुलगा असतो. "मागे माणूस आहे", "वळ", "वेळ आहे" हे तीन इशारे मुलांनी आपसांत स्वतःच्या बोलीत ठरवले आहेत आणि ते मीही शिकून घेतले.

संघाची संस्कृती म्हणजे काय, हे मला होळीने शिकवले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आमच्याकडे होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारापासून होळीपर्यंतचे दिवस म्हणजे वर्षाचा प्राण; मुले गावी जातात आणि कित्येकदा आठ-दहा दिवस उशिरा परततात. उशिरा येणाऱ्याला संघातून वगळायचे असा नियम मी केला होता आणि दोन वर्षे तो कडकपणे पाळला. दोन्ही वर्षे माझी सर्वांत चपळ मुले बाहेर बसली आणि त्यांतील काही पुढे मैदानाकडे फिरकलीच नाहीत. आता मी सरावाचे वेळापत्रकच होळी धरून आखतो, त्या दिवसांत सराव ठेवत नाही आणि परतण्याची तारीख मुलांनाच ठरवू देतो. त्यांनी आपसांत ठरवलेली तारीख ती सहसा मोडत नाहीत. ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्यांच्याशी मात्र जाण्यापूर्वीच बोलावे लागते, मूल वसतिगृहात राहिले तर त्याच्या धाकट्या भावंडांकडे कोण पाहील हा घरचा प्रश्न असतो आणि तो फुटबॉलपेक्षा मोठा आहे.

बुटांचा प्रश्नही येथे मांडतो. काही मुलांकडे बूट, काही अनवाणी, अशा सरावात अनवाणी मुले चेंडूसाठी पाय घालत नाहीत आणि बघणाऱ्याला ती भित्री वाटतात. आम्ही सराव सर्वांनी अनवाणीच करायचा असे ठरवले आणि सामन्यांसाठीचे बूट शाळेच्या कपाटात सामाईक ठेवले. ज्याच्या पायाला जो जोड बसेल तो त्याने घालायचा आणि सामन्यानंतर सर्वांनी मिळून धुवायचा, मीसुद्धा. ताईंनी बाटल्यांविषयी लिहिले त्याला माझे हेच उत्तर आहे: बाटल्या भरण्याची पाळी लावावी आणि त्या पाळीत पहिले नाव शिक्षकाचे असावे.

झारखंडमधील रांचीजवळच्या खेड्यांत मुलींसाठी काम करणारी 'युवा' ही संस्था २००९ पासून आहे. तेथे गावातील मोठ्या मुलीच पुढे धाकट्यांच्या प्रशिक्षक होतात. मी त्यावरून नववीच्या दोन मुलींकडे पाचवी-सहावीच्या मुली सोपवल्या. त्या दोघींचा स्वतःचा खेळ त्या वर्षी जितका सुधारला तितका माझ्या शिकवण्याने कधी सुधारला नव्हता. लहानीला पास समजावून सांगताना पाय कुठे ठेवायचा याचा विचार त्यांना प्रथमच करावा लागला.

उत्तर: शालेय संघाचे मार्गदर्शक, जळगाव

वरील सर्व मते पटतात, तरीही एक अडचण मोकळेपणाने मांडतो. संस्थाचालक निकाल विचारतात, दहावीचे क्रीडा सवलतीचे गुण स्पर्धेतील कामगिरीशी जोडलेले आहेत आणि तालुक्यात हरलेल्या संघाला पुढच्या वर्षी गणवेशासाठीही पैसे मिळत नाहीत. जर्मनीचा संघ २००० सालच्या युरोपीय स्पर्धेत एकही सामना न जिंकता गटात तळाशी राहिला. त्यानंतर त्यांनी व्यावसायिक क्लबांना मुलांच्या अकादम्या सक्तीच्या केल्या आणि २०१४ मध्ये ते विश्वविजेते झाले. त्यांच्याकडे चौदा वर्षे होती. सरांकडे एक मूल आठवीत येते आणि दहावीनंतर निघून जाते. थोराड मुलगा संघात असेल तर त्याला बाहेर ठेवून सामना हरावा, असे मी म्हणू शकत नाही. शालेय स्पर्धेत जिंकण्यासाठीच खेळावे, मात्र इतर वेळचे मैत्रीचे सामने प्रत्येक मुलाला निम्मा वेळ मिळेल असे खेळवावेत, असा मधला मार्ग मी काढला आहे.

उत्तर: निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

भाऊ, थोराड मुलाला बाहेर ठेवा असे माझेही म्हणणे नाही. त्याच्याकडे लांब लाथ मारण्याची योजना बाहेर ठेवावी, एवढेच म्हणणे आहे. आपला मधला मार्ग व्यवहार्य आहे. फक्त मैत्रीच्या सामन्यांची संख्या स्पर्धेच्या सामन्यांहून कितीतरी अधिक असेल तरच तो खरा ठरेल. तालुक्यात एक सामना हरला की वर्ष संपले, अशी शालेय स्पर्धेची रचना आहे. त्या एका सामन्यावर मूल घडत नाही. २०१६ साली आइसलँडची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आत, म्हणजे आपल्या जळगाव शहराहूनही कमी होती. थंडीमुळे वर्षातील बराच काळ तेथे उघड्यावर खेळता येत नसे. त्यांनी बंदिस्त मैदाने बांधली आणि अगदी लहान मुलांनाही प्रशिक्षित माणूस मिळेल असे पाहिले. २०१६ मध्ये त्यांनी युरोपीय स्पर्धेत इंग्लंडला २-१ असे हरवले आणि २०१८ चा विश्वचषक गाठला. त्यांचा मार्गदर्शक हेइमिर हालग्रिमसन व्यवसायाने दंतवैद्य होता. आपल्याला छप्पर बांधता येणार नाही, पण मार्चपासून सराव सकाळी सहाला नेता येईल. शहाद्याच्या सरांनी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीच्या डी परवान्याचा अभ्यासक्रम जवळपास कोठे भरला तर जरूर करावा. शाळेने रजा दिली नाही तर सुटीत करावा.

प्रश्नकर्ता: क्रीडाशिक्षक, शहादा तालुका

सर्वांचा मनापासून आभारी आहे. गेले तीन आठवडे मी चार तुकड्यांचा सराव घेतो आहे. पहिल्या दोन दिवशी नुसता गोंधळ झाला, चेंडू एकमेकांच्या मैदानात जात होते आणि मला शिट्टी कोणासाठी वाजवावी हे कळत नव्हते. चौथ्या दिवसापासून मुले स्वतःच थ्रो-इन कोणाचा हे ठरवू लागली. बाटल्यांच्या पाळीत सोमवारी माझे नाव आहे. आठवीतील एका मुलाने ते पाहून फळ्यावर स्वतःचे नाव माझ्याखाली लिहिले.

ओरडणे थांबवणे मला सर्वांत कठीण गेले. परवाच्या आपसांतील सामन्यात मी एक वही घेऊन बसलो आणि ओरडावेसे वाटले की तेथे काय दिसले ते लिहीत गेलो. सामना संपल्यावर पाहिले तर निम्म्याहून अधिक नोंदी एकाच गोष्टीच्या होत्या: चेंडू मिळण्याआधी कोणीही मागे वळून पाहत नाही. ते मी मैदानाबाहेरून ओरडून कधीच सांगू शकलो नसतो, कारण ओरडताना ते मला दिसतच नव्हते. आता त्यासाठी काही खेळ सुचवावा. तो उजव्या बाजूचा मुलगा परत आला आहे. त्याने स्पर्श मोजणे मात्र सोडून दिले आहे असे म्हणतो.

उत्तर: आश्रमशाळेतील शिक्षक, धडगाव

सर, चौकोनात पास देताना, चेंडू पायात येण्यापूर्वी आपल्या पाठीमागे उभ्या असलेल्या मुलाने किती बोटे वर केली आहेत ते मोठ्याने सांगायचे, असा नियम लावून पाहावा. आठवडाभरात माना वळू लागतात. आणि दिवाळीपूर्वीच्या एखाद्या शनिवारी आपली सगळी, अडतीसच्या अडतीस मुले घेऊन आमच्याकडे यावे. आमचीही तेवढीच मुले खेळतील. अकरा जणांचा एक सामना न लावता दिवसभर लहान मैदानांवर खेळवू. रात्री मुक्कामाची आणि जेवणाची सोय वसतिगृहात होईल. घाटाचा रस्ता असल्याने सकाळी लवकर निघावे, आणि आमच्याकडे चेंडू तीनच असल्याने आपले पाचही सोबत आणावेत.